चक्राचा परीघ

गावाच्या वेशीवरील स्वागतकमानीजवळ, बसस्थानकातील बाकावर, स्मशानभूमीतील निवाऱ्यावर अथवा रक्तदान शिबिराच्या फलकावर दातेरी चक्राचे चिन्ह आपण सर्वांनीच पाहिले असेल. ते चिन्ह रोटरी क्लबचे होय. आपल्यापैकीही अनेक व्यापारी, डॉक्टर व वकील मंडळी या कार्यात सहभागी आहेत. तरीही ‘दर आठवड्यास जमावयाचे, जेवावयाचे आणि एकमेकांस हारतुरे घालावयाचे, यात सेवा ती कोणती?’ असा प्रश्न अधूनमधून कानी येतो. प्रश्न कटू असला तरी अप्रस्तुत नाही. या संस्थेच्या अगदी पहिल्या क्लबला स्थापनेच्या दुसऱ्याच वर्षी तो विचारला गेला होता आणि त्यातूनच तिला खरे वळण लाभले.

पॉल हॅरिस हे खेड्यात, आजी-आजोबांच्या छायेत वाढलेले वकील. 1896 मध्ये ते शिकागो या महानगरात व्यवसायासाठी आले. ओळखी पुष्कळ झाल्या, पण जिवाभावाचे मैत्र लाभेना. गावाकडील आपलेपणा शहरात निर्माण करता येईल काय, या विचाराने 23 फेब्रुवारी 1905 रोजी ते आणखी तिघांसह एकत्र बसले. खाण अभियंता गुस्टेव्हस लोर यांच्या कचेरीत ही बैठक झाली. कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील व शिवणकामाच्या व्यवसायातील हायरम शोरी हे उरलेले दोघे होत. सभा पाळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत भरे. या फिरतेपणावरूनच ‘रोटरी’ हे नाव पडले. प्रारंभीचे बोधचिन्हही साध्या गाडीच्या चाकाचे होते.

प्रत्येक व्यवसायातील एकच सभासद घ्यावा आणि सभासदांनी परस्परांचा व्यापार वाढवावा, असा त्या काळी परिपाठ होता. कोणी कोणाकडून किती माल घेतला, याची नोंद ठेवण्यासाठी स्वतंत्र पदाधिकारीही नेमलेला असे. उत्साह ओसरू लागला तेव्हा मुद्रक हॅरी रगल्स यांनी सभेत सामुदायिक गायन सुरू केले आणि बैठकीत पुन्हा रंग भरला. मैत्री होती, आनंद होता, लाभही होता. परंतु परीघ सभासदांपुरताच होता.

1906 मध्ये डोनाल्ड कार्टर या वकिलांस सभासदत्वाचे निमंत्रण देण्यात आले. त्यांनी नियम ऐकून घेतले आणि नम्रपणे नकार दिला. बाहेरच्या कोणाचेही हित न साधणाऱ्या मंडळाला भवितव्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. निमंत्रण देणाऱ्यांनी राग न मानता, ‘मग आपणच या आणि हे बदला’, अशी त्यांना गळ घातली. कार्टर आले आणि नगरहिताचे कलम क्लबच्या उद्दिष्टांत समाविष्ट झाले. पाहुण्याची टीका शिरोधार्य मानणारी अशी संस्था विरळाच!

शब्दांमागोमाग कृती आली. क्लबचे पहिले मोठे सार्वजनिक कार्य कोणते, तर शहराच्या मध्यभागी सार्वजनिक स्वच्छतागृह! 1907 मध्ये हा विषय हाती घेतला गेला. मद्यगृहांचे चालक व मोठे दुकानदार यांनी विरोध केला, कारण या सोयीच्या निमित्ताने त्यांच्याकडे गिऱ्हाईक येत असे. तरीही इतर संस्थांना सोबत घेऊन, नगरपालिकेकडे पाठपुरावा करून काम तडीस नेण्यात आले. व्यापारवृद्धीसाठी जमलेल्या मंडळींनी व्यापाऱ्यांचाच रोष पत्करून केलेले हे काम आहे, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

व्यापाराकडे पाहण्याची दृष्टीही पुढे बदलली. 1932 मध्ये याच क्लबचे सभासद हर्बर्ट टेलर यांच्याकडे दिवाळखोरीच्या काठावरील एका भांड्यांच्या कंपनीची धुरा आली. प्रत्येक व्यवहार सत्य, न्याय, सद्भाव व सर्वांचे हित या चार कसोट्यांवर पारखावा, असा दंडक त्यांनी घातला. कंपनी सावरली आणि 1943 मध्ये रोटरीने ही ‘चतुर्विध कसोटी’ स्वीकारली.

दरम्यान हे चक्र भारतात पोहोचले होते. कोलकात्याचा क्लब 1920 च्या आरंभी अधिकृत झाला, तर मुंबईचा 1929 मध्ये. 1962 मध्ये नीतीश लाहरी हे आंतरराष्ट्रीय अध्यक्षपदी विराजमान झालेले पहिले भारतीय ठरले. 1985 मध्ये संस्थेने पोलिओ निर्मूलनाचा संकल्प सोडला. आपल्या देशात 1995 पासून पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली, तेव्हा रविवारच्या सकाळी लसीकरण केंद्रांवर क्लबचे सभासदही उभे असत. 13 जानेवारी 2011 रोजी हावडा जिल्ह्यात आढळलेला रुग्ण हा देशातील अखेरचा ठरला आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त घोषित झाला. शासन, आरोग्यसेविका व जागतिक संघटना यांच्या श्रमांत या सभासदांचाही वाटा आहे.

मात्र परीघ प्रत्येक वेळी सहज रुंदावला, असे नव्हे. कॅलिफोर्नियातील दुआर्ते येथील क्लबने महिलांना प्रवेश दिला म्हणून 1978 मध्ये त्याची मान्यताच रद्द करण्यात आली. त्या सभासदांनी चक्रावर फुली मारून आपल्या सभा चालूच ठेवल्या. 1987 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली आणि 1989 मध्ये जगभरच्या क्लबांचे दार महिलांना उघडले. कार्टर यांचे म्हणणे वर्षभरात ऐकणाऱ्या संस्थेस हे ऐकण्यास न्यायालयाची पायरी चढावी लागली, हेही इतिहासाने नोंदवून ठेवले आहे.

1 जुलैचा पदग्रहण समारंभ, दिवाळीचे स्नेहसंमेलन, सहकुटुंब सहल आणि सभेनंतरचे भोजन यांस केवळ चैन समजणे अन्यायाचे ठरेल. एकत्र बसून हसलेली माणसेच संकटसमयी एकमेकांस हक्काने हाक मारतात. परंतु पंगत संपल्यावर पंगतीबाहेरच्या कोणासाठी हात पुढे झाला, याचा हिशेब सभावृत्तांतात असावयास हवा. सुवर्णमहोत्सवाच्या उंबरठ्यावर कोणत्याही संस्थेने सत्काराच्या यादीबरोबरच हाही हिशेब मांडावा. कार्टर यांच्यासारखा एखादा स्पष्टवक्ता आपल्याही दारी येईल. त्यास परत न पाठविता आत बोलावण्याचे औदार्य आपणा सर्वांस लाभो, हीच सदिच्छा.