तायबरच्या खोऱ्यातील नाईक यशवंत घाडगे

रोमच्या यात्रेला गेलेल्या आपल्या बांधवांनी तायबर नदी पाहिलेली असते. या नदीच्या काठाने उगमाच्या दिशेने वर गेले, की उंब्रिया प्रांत लागतो. संत फ्रान्सिसचे असिसी याच प्रांतात आहे. पेरुजियाच्या उत्तरेस नदीचे खोरे अरुंद होत जाते आणि दोन्ही बाजूंस डोंगर उभे राहतात. या डोंगरांतील एका लढाईत 10 जुलै 1944 रोजी कोकणातील एक बावीस वर्षांचा तरुण मरण पावला. नाईक यशवंत घाडगे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1921 रोजी माणगाव तालुक्यातील पळसगावचा. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आजचा रायगड. ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. एकीकडे 1942 साली देश परक्या सत्तेला 'चले जाव' म्हणून बजावत होता, तर दुसरीकडे त्याच सत्तेच्या सैन्यात सुमारे पंचवीस लाख भारतीय स्वेच्छेने भरती झाले होते. या विसंगतीवर घरात बसून घाईने निवाडा देऊ नये, असे आम्हांस वाटते.

4 जून 1944 रोजी रोम मुक्त झाले. इटलीने आदल्या वर्षीच शस्त्रे खाली ठेवली होती. आता तिच्या भूमीवर लढत होते ते जर्मन. उत्तरेकडील तटबंदी पुरी होईपर्यंत वेळ मिळावा म्हणून मागे सरताना ते प्रत्येक डोंगरसोंडेवर मशीनगन रोवून बसत. दहाव्या भारतीय डिव्हिजनच्या वाट्याला तायबरचे हे वरचे खोरे आले होते. त्या दिवसांत पळसगावी आवणीची घाई असणार, आणि इकडे जुलैच्या कोरड्या उन्हात आपली माणसे एकेक टेकडी चढत होती.

10 जुलैच्या हल्ल्यात घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतील प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. उभे राहिले ते एकटे नाईक. मागून कोणी येणार नाही, हे ठाऊक असूनही ते त्या मोर्च्यावर धावून गेले. प्रथम हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. मग टॉमीगनने आणखी एकास टिपले. गोळ्या संपल्या, नवे मॅगझीन चढवण्यास उसंत नव्हती. तेव्हा बंदुकीची नळी हातांत धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्याने मारले. इतक्यात शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत घुसल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्च्यात त्यांनी प्राण सोडला.

हे सारे व्हिक्टोरिया क्रॉसच्या प्रशस्तिपत्रात नमूद आहे. बंदुकीच्या दस्त्याचे ते वाक्य लिहिताना आमची लेखणी अडखळली, हे कबूल करतो. पण ते गाळले असते, तर आम्ही इतिहास नव्हे, पोवाडा लिहिला असता. त्या मोर्च्यात मेलेले चौघेही कोणाचे तरी मुलगेच होते. त्यांची नावे त्या पत्रात नाहीत.

हा सन्मान 2 नोव्हेंबर 1944 च्या राजपत्रात जाहीर झाला. आपण मृतांची आठवण करतो, नेमका तोच दिवस. तिथे पळसगावात त्यांच्या पत्नीच्या हाती मात्र वैधव्य आणि एक पदक आले.

इटलीच्या युद्धात 5,782 भारतीय सैनिक कामी आले. संत बेनेडिक्टच्या मठाखाली कासिनो येथे जे स्मारक आहे, त्यावर यशवंत घाडगे यांचे नाव कोरलेले आहे. इकडे माणगावात त्यांचा पुतळा उभा आहे. जुलै 2023 मध्ये तायबर खोऱ्यातील माँतोने या जुन्या गावानेही त्यांचे स्मारक उभारले. तलवार नाही, तोफ नाही; ते आहे एक सूर्यघड्याळ. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्याच्यासाठी निवडले आहेत. उंब्रियाच्या उन्हाळ्यात त्याची सावली लख्ख पडत असेल. पळसगावात 10 जुलैला सूर्य दिसलाच तर नवल. त्या वेळी तिथे खाचरे पाण्याने भरलेली असतात.