मनमाडचे हमाल आणि बिनतारी मोडेम

भिवंडीत यंत्राविषयी बोलायचे तर श्रोत्यांना प्रस्तावना लागत नाही. मागाच्या खडखडाटातच ज्यांचे बालपण गेले, त्यांना यंत्र म्हणजे काय हे आम्ही काय सांगावे? म्हणून आज आम्ही यंत्राविषयी नव्हे, तर दोन यंत्रांमधल्या सांध्याविषयी बोलणार आहोत. धोटा एकाने केला, कांडी दुसऱ्याने केली, आणि तरीही कांडी धोट्यात नेमकी बसली, तर माग चालतो. ती बसली नाही तर सूत कितीही उत्तम असो, माग बंद राहतो.

सांधा न जुळल्याची किंमत महाराष्ट्राने पूर्वी मोजलेली आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, ती 5 फूट 6 इंच रुंदीच्या रुळांवरून. पुढे खर्च वाचविण्यासाठी सरकारने 1 मीटर रुंदीचे रूळ पत्करले, आणि मराठवाड्यातून मनमाडला येणारा मार्ग त्याच मापाचा झाला. परिणाम काय झाला? मनमाडला एका गाडीतला माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. इंजिने चांगली होती, डबेही चांगले होते. दोहोंमधला फरक मात्र हमालांच्या पाठीवर पडला. तेथील रूळ रुंद व्हायला 1990 नंतरचे दशक उजाडले.

आता मोडेमकडे येऊ. संगणकाची भाषा तारेवरून किंवा हवेतून पलीकडे पोचविण्याजोगी करणारे हे यंत्र. संगणक आणि मोडेम यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा जो कार्यक्रम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. प्रत्येक कंपनीचा मोडेम वेगळी भाषा बोलू लागला, की प्रत्येकासाठी वेगळा दुभाषी ठेवावा लागतो.

या घराण्याचा पहिला सामाईक करार कोणी सभा भरवून केलेला नाही. 1981 साली अमेरिकेत डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांनी ‘स्मार्टमोडेम’ बाजारात आणला. ‘एटी’ या दोन अक्षरांनी त्याचे लक्ष वेधायचे आणि मग हुकूम द्यायचा: नंबर फिरव, फोन ठेव. इतर कारखानदारांनी हीच भाषा उचलली, आणि नकलेतून नियम जन्माला आला. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने आपल्याकडे इंटरनेट सर्वांना खुले केले, तेव्हा घरोघरीचे मोडेम याच भाषेत बोलत होते. भ्रमणध्वनीनेही पुढे तीच भाषा वाढवून घेतली.

मग घोटाळा कोठे झाला? बिनतारी वेग वाढला तेथे. 2008 च्या अखेरीस महानगर टेलिफोन निगमाने दिल्लीत तिसऱ्या पिढीची सेवा सुरू केली. 2010 च्या लिलावानंतर खाजगी कंपन्याही आल्या. बोटाएवढे डोंगल गल्लोगल्ली विकले जाऊ लागले. त्यातल्या कित्येकांत एक गंमत होती. संगणकाला जोडताच ते आधी आपण सीडी आहोत असे सांगत, त्या ‘सीडी’वर कंपनीचा स्वतःचा कार्यक्रम असे, तो बसविला की मगच ते मोडेमचे रूप घेत. शिवाय एकच डोंगल संगणकाला तीन-चार दारे दाखवी. हुकूम कोणत्या दारी द्यायचा, हे ज्याने बनविले त्यालाच ठाऊक.

असे एक डोंगल आम्हीही घेतले होते. जुन्या संगणकावर ते सुरळीत चाले. नवा संगणक आणला, त्यावर कंपनीचा कार्यक्रम बसेना, आणि तो दुरुस्त करायला कंपनीला सवड होईना. यंत्र धडधाकट होते, पैसे भरलेले होते, आकाशात लहरीही होत्या. आमचा व्यवहार मात्र आठ दिवस अडला. वस्तू आमची, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात, हे तेव्हा आम्हाला कळले.

यावर दोन बाजूंनी उपाय झाले. 2009 च्या विंडोज 7 मध्ये मायक्रोसॉफ्टने बिनतारी मोडेमसाठी एकच साचा ठरवून दिला. नोव्हेंबर 2011 मध्ये यूएसबीचे नियम ठरविणाऱ्या उद्योगसंघाने ‘एमबिम’ हा करार प्रसिद्ध केला. तो पाळणाऱ्या मोडेमला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. दुसरी बाजू लिनक्सची, म्हणजे सर्वांनी मिळून लिहिलेल्या खुल्या प्रणालीची. तेथे डॅन विल्यम्स यांनी सुरू केलेला ‘मोडेम मॅनेजर’ एकेक दार ठोठावून हुकमाचे दार शोधी. 2013 साली लिनक्सनेही एमबिम स्वीकारला.

तरी ऐक्य पुरे झाले नव्हते. पुढचे मोडेम यूएसबीऐवजी संगणकाच्या अंतर्गत मार्गावर बसू लागले, आणि प्रत्येक कारखानदार पुन्हा आपली वेगळी चूल मांडू लागला. 2019 मध्ये योहानेस बर्ग यांनी लिनक्सच्या गाभ्यातच या सर्वांसाठी एक सामाईक चौकट असावी, असा प्रस्ताव मांडला. प्रश्न असा होता की ऐक्य करायचे कोठवर? सर्वांची भाषाच एक करायला जावे, तर प्रत्येकाचे नवे वैशिष्ट्य मारले जाते. काहीच न करावे, तर जुना गोंधळ कायम. जून 2021 च्या 5.13 या आवृत्तीत लुईक पूलँ यांनी लिहिलेली चौकट आली, ती मध्यममार्गी होती. तिने भाषा बदलली नाही. दारे तेवढी एका ओळीत लावली आणि प्रत्येक दारावर आत कोणती भाषा चालते त्याची पाटी लावली. दुभाष्याचे काम वरच्या मजल्यावर मोडेम मॅनेजरकडेच राहिले. पुढच्या आवृत्त्यांत इंटेल आणि मीडियाटेक यांच्या मोडेमचे ड्रायव्हर याच चौकटीत येऊन बसले.

आम्हाला यातला विवेक मोलाचा वाटतो. सर्वांनी एकच कापड विणावे असा आग्रह धरला, तर विणकरच उरणार नाही. पण कांडीचे माप एक असावे हा आग्रह धरला, तर विणकर सूतवाल्याचा बंदा राहत नाही. हे काम आपोआप झालेले नाही. कोठे नकलेने, कोठे कराराने, कोठे कोणीतरी रात्री जागून लिहिल्याने झाले. ग्राहकानेही त्यात आपला वाटा उचलावा. उद्या गाळ्यासाठी किंवा गोदामासाठी असे यंत्र घ्याल, तेव्हा वेग आणि किंमत विचाराच. पण त्याआधी एवढे विचारा, की हे यंत्र सामाईक नियमाने बोलते, की फक्त विकणाऱ्याच्याच भाषेत? हा प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक वाढले, तर मनमाडच्या हमालांसारखे ओझे आपल्या पाठीवर येणार नाही.