अमळनेरचे छात्रालय

शाळांच्या इतिहासात इमारतींची नोंद असते, देणगीदारांची असते आणि परीक्षांच्या निकालांची तर असतेच असते. परंतु त्या इमारतींत बसणाऱ्या मुलांच्या मनात काय चालले होते, याची नोंद क्वचितच आढळते. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर तीतून उत्तीर्ण झाले, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्यानंतरच्या काळात जी मुले त्या परीक्षेच्या उंबरठ्याशी अडखळली, ती कोणत्या तोंडाने घरी परतली, त्यांना कोणी जवळ घेतले की नाही, हे मात्र निकालाच्या कागदावर उमटत नाही. विद्यार्थ्याच्या बुद्धीबरोबर त्याच्या मनाचीही काळजी वाहणे हे शाळेचे काम आहे, हा विचार आपल्याकडे उशिराच रुजला. तो आला तेव्हा त्याने दोन रूपे घेतली. एक वात्सल्याचे आणि दुसरे शास्त्राचे. पहिल्या रूपाचा एक उज्ज्वल दाखला खानदेशातील अमळनेरास सापडतो.

१९२४ सालच्या जून महिन्यात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात पांडुरंग सदाशिव साने नावाचा एक तरुण शिक्षक रुजू झाला. पुढे महाराष्ट्राने त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखले. पण त्या वेळी ते केवळ साने सर होते. तत्त्वज्ञानाच्या ओढीने ते आदल्या वर्षी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले होते. तेथे मन रमेना, म्हणून शाळेकडे वळले. थोड्याच काळात शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्यावर आली.

छात्रालयाचा व्यवस्थापक म्हटला की हजेरीचा पट, दिवे मालवण्याची वेळ आणि प्रसंगी छडी, एवढीच कल्पना त्या काळी सामान्यतः असे. साने सरांनी ती कल्पनाच पालटून टाकली. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडीत, विस्कटलेली अंथरुणे नीट घडी करून ठेवीत, काजळलेले कंदील पुसून लख्ख करीत. कोणाचे मळके कपडे दिसले तर ते धुऊन वाळत घालीत. मुलगा आजारी पडला तर त्याच्या उशाशी बसून रात्र काढीत. शिस्तीचा शब्दही न उच्चारता त्यांनी मुलांना लाजविले, आणि त्या लाजण्यातूनच मुले आपापली कामे आपण करू लागली.

याच छात्रालयासाठी त्यांनी एक हस्तलिखित दैनिक चालविले. त्याचे नावही ‘छात्रालय’ असेच होते. देशातील घडामोडी, थोरांची चरित्रे, एखाद्या काव्याचा रसास्वाद, असे नाना विषय त्यात येत. शाळेचे सर्व काम सांभाळून हे लेखन रोज हाताने करावयाचे, ही गोष्ट सामान्य नव्हे. दूरच्या खेड्यातून आलेल्या, घरच्या आठवणीने व्याकुळ झालेल्या मुलाला त्यातून कळे, की या मोठ्या वास्तूत कोणीतरी आपल्यासाठी जागते आहे. आजचे मानसशास्त्र जिला आधाराची भावना म्हणते, ती याहून वेगळी नाही.

ही दृष्टी साने सरांना कोठून लाभली? कोणत्याही प्रशिक्षण महाविद्यालयातून नव्हे. त्यांचे स्वतःचे विद्यार्थिजीवन हेच त्यांचे विद्यालय होते. रत्नागिरी जिल्ह्यातील पालगडचा हा मुलगा दारिद्र्यामुळे दापोलीची शाळा सोडून औंध संस्थानात शिकावयास गेला; तेथे प्लेगने गाठले, तेव्हा पुण्यास आला. परक्या गावी अर्धपोटी राहणे, फीची चिंता वाहणे, कोणापाशी मन मोकळे करावे हे न कळणे, हे सर्व त्याने सोसले होते. १९१७ साली आई वारली, तेव्हा तिच्या अखेरच्या क्षणीही तो जवळ नव्हता. जे आपल्याला मिळाले नाही, ते दुसऱ्याच्या मुलांना द्यावे, अशी प्रेरणा या दुःखातून जन्मली.

परंतु या व्यवस्थेत एक उणीव होती, आणि ती तिच्या थोरवीतच दडलेली होती. ती सर्वस्वी एका माणसावर उभी होती. १९३० साली साने सर नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले आणि पुढे तुरुंगात गेले. शाळा राहिली, छात्रालय राहिले. पण वात्सल्य काही पदभाराच्या यादीत लिहून पुढच्या व्यवस्थापकाच्या स्वाधीन करता येत नाही.

हे स्वाधीन करता येईल असे काही निर्माण करण्याचा प्रयत्न त्याच काळात जगात अन्यत्र चालू होता. अमेरिकेत शिकागो येथे डॉ. विल्यम हीली यांनी १९०९ साली बालगुन्हेगारांच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली. मूल बिघडते ते एकाच कारणाने नव्हे. शरीर, घर, शाळा, सोबत आणि त्याचे स्वतःचे मन या सर्वांचा धागा उलगडावा लागतो, हे त्यांनी दाखविले. त्यातून बालमार्गदर्शनाची चळवळ वाढली. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक या तिघांनी मिळून एका मुलाचा विचार करावयाचा, ही तिची पद्धत. दोष देण्यापूर्वी समजून घ्यावयाचे, हे तिचे सूत्र.

ही चळवळ हिंदुस्थानात आली ती मुंबईत. डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या नेतृत्वाखाली १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय सुरू झाले होते. आज ते टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून प्रसिद्ध आहे. या विद्यालयाने १९३७ साली देशातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र उघडले. अमळनेरला जे एका माणसाच्या अंतःकरणाने केले, ते येथे शिकण्या-शिकविण्याजोगे ज्ञान झाले.

दुर्दैव असे, की ज्याने शेकडो मुलांना मायेची ऊब दिली, त्याच्या स्वतःच्या मनाला ती लाभण्याची वेळ आली तेव्हा आधार अपुरा पडला. गांधीजींच्या हत्येने साने गुरुजी खोल दुखावले गेले. त्या वेळी त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. पुढे ‘साधना’ साप्ताहिक काढले, अविश्रांत लिहिले. तरी ११ जून १९५० रोजी त्यांनी आपल्या हातांनी आपली जीवनयात्रा संपविली. या घटनेचे कारण एका वाक्यात सांगण्याचा मोह टाळलाच पाहिजे. तिला उदात्ततेची झालर लावण्याचा मोह तर अधिकच. एवढेच म्हणता येते, की दुसऱ्यांचे दुःख वाहणाऱ्यालाही कोणीतरी विचारपूस करणारे हवे असते. जो शिक्षक मुलांचे अश्रू पुसतो, त्याचेही मन थकते. शाळेतील मानसिक आरोग्याचा विचार करताना शिक्षकाला वगळले, तर तो विचार अर्धाच राहतो.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न सरकारी अहवालांत आला. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ साली शाळांतून मार्गदर्शनाची सोय करण्याची शिफारस केली, आणि १९५४ साली दिल्लीत केंद्रीय मार्गदर्शन कार्यालय स्थापन झाले. मात्र व्यवहारात मार्गदर्शन म्हणजे पुढे कोणता धंदा धरावा याचा सल्ला, असाच अर्थ पुष्कळदा झाला. मुलाचा कल मोजला गेला. त्याची घालमेल मोजण्याची निकड कोणाला भासली नाही. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष राजस्थानातील उदयपूरचे डॉ. दौलतसिंह कोठारी होते, तर सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. या आयोगाने निदान दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, असे सुचविले. मागणे किती माफक होते! तरीही ते कागदावरून वर्गात उतरण्यास फार अवधी लागला.

दरम्यान समाजातूनच नव्या संस्था उभ्या राहिल्या. ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली आणि शिक्षक, पालक व विद्यार्थी यांच्याशी मराठीतून मोकळा संवाद सुरू केला. कायद्याची दृष्टीही सौम्य झाली. जीव देण्याचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याला शिक्षा न करता उपचार द्यावेत, हे तत्त्व २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्याने मान्य केले. २०२२ साली ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी-सेवा सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजसेवक नेमावा. दहा शाळांत एक, येथून प्रत्येक मोठ्या शाळेत एक, येथवर येण्यास सुमारे साठ वर्षे लागली.

हा आदेश सर्वत्र पाळला जावा, हे इष्टच. पण नेमणूक झाली, दारावर पाटी लागली, म्हणजे काम संपले असे नव्हे. खोलीत बसलेल्या समुपदेशकाकडे मूल आपण होऊन येईल, याची खात्री कोण देणार? ते येते, जेव्हा त्या शाळेत आपले ऐकून घेतले जाते असा विश्वास त्याला आधी वाटतो. तो विश्वास वर्गातल्या शिक्षकाच्या एका प्रश्नातून, शिपायाच्या एका हाकेतून, घरच्यांनी निकालाआधी पाठीवर ठेवलेल्या हातातून जमत जातो. शास्त्रावाचून वात्सल्य एकाकी पडते आणि कधी कधी स्वतःच कोसळते. वात्सल्यावाचून शास्त्र नुसते पाटीपुरते उरते. साने सर मुलांच्या गैरहजेरीत कंदील पुसून ठेवीत. संध्याकाळी मुले परतली की स्वच्छ काचेतून उजेड पडे. तो उजेड कोणी दिला, हे त्यांना विचारावे लागत नसे. शाळेने विद्यार्थ्याच्या मनाची घ्यावयाची काळजी पुष्कळशी अशीच असते. संकट येण्यापूर्वी ती घेतली गेलेली असावी लागते.