वणीच्या रानातले जुने सोबती

वणी म्हटलं की सप्तशृंगी. नाशिकहून निघालेली बस दिंडोरी मागे टाकते आणि आतल्या माणसांचे डोळे गडाकडे लागतात. माझे लागतात उजवीकडे, चांदवडच्या बाजूच्या डोंगररांगेकडे. 17 ऑक्टोबर 1670 रोजी या पट्ट्यात शिवाजी महाराज आणि मोगल सरदार दाऊदखान कुरेशी यांची उघड्या मैदानावर लढाई झाली. कुणी तिला वणी-दिंडोरीची म्हणतं, कुणी कांचनबारीची. सुरतेची दुसरी लूट घेऊन मराठी फौज परतत होती, बुऱ्हाणपुराकडून आलेला दाऊदखान आडवा आला, महाराजांनी त्याला थोपवून लूट सुखरूप पुढे काढली. शाळेत आपण एवढंच शिकतो.

शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी, की हे दोघं पाचच वर्षांपूर्वी एका बाजूला होते.

1665च्या एप्रिलात दाऊदखान मिर्झाराजे जयसिंगाच्या हुकमाने राजगड-सिंहगडाच्या परिसरातली गावं जाळत फिरत होता. जूनमध्ये पुरंदरचा तह झाला आणि नोव्हेंबरात जयसिंग विजापूरवर निघाला, तेव्हा त्याच्या फौजेत दाऊदखान होता आणि दोन हजार स्वार नि सात हजार पायदळ घेऊन शिवाजीराजेही होते. फलटण, ताथवडा, मंगळवेढा ही ठाणी मोगलांना मिळाली त्यात मराठ्यांचा हात मोठा होता.

पुरंदरच्या तहातले 23 किल्ले सगळ्यांना पाठ असतात. मला जास्त बोलकं वाटतं ते त्यातलं दुसरं कलम. विजापूरच्या ताब्यातला चार लाख होनांचा कोकणचा मुलूख आणि पाच लाख होनांचा बालाघाटाचा मुलूख शिवाजीराजांना मिळावा, त्या बदल्यात त्यांनी बादशहाला तेरा वर्षांच्या हप्त्यांनी 40 लाख होन द्यावेत! मुलूख आदिलशहाचा, देणारा बादशहा, घेणारे महाराज. या दोस्तीचा सगळा खर्च तिसऱ्याच्या खिशातून निघायचा होता. तो तिसरा हरला असता तर वाटणी झाली असती. पण मोहीम फसली. विजापूर अवघ्या काही कोसांवर असताना जयसिंगाला मागे फिरावं लागलं, पन्हाळ्यावरचा महाराजांचा हल्लाही फसला.

आग्र्याचं प्रकरण सर्वांना ठाऊक आहे, ते इथे उगाळत नाही. मला जास्त कुतूहल आहे ते त्यानंतरच्या शांततेच्या दोन-तीन वर्षांचं. आपल्या इतिहासलेखनाला लढाया आवडतात, त्यामुळे या वर्षांवरून पानं भराभर उलटली जातात. या काळात शहजादा मुअज्जम औरंगाबादला सुभेदार होता. 1668मध्ये बादशहाने शिवाजीराजांची ‘राजा’ ही पदवी मान्य केली. संभाजीराजांना पाच हजारी मनसब होती, तिच्यासाठी वऱ्हाडात जहागीर होती आणि प्रतापराव गुजर नि निराजी रावजी मराठी तुकडी घेऊन औरंगाबादला राहत होते. कागदावर अगदी सलोखा. पण याच काळात विजापूरशीही मोगलांचा तह झाला. आता मधे कुणी उरलं नाही, समोरासमोर हे दोघंच.

मग हिशेब निघाले. आग्र्याच्या प्रवासासाठी दिलेले एक लाख रुपये परत हवेत, म्हणून बादशहाने वऱ्हाडातल्या जहागिरीवर जप्ती आणली. मुअज्जम आणि शिवाजी यांचं सूत जुळल्याचा संशय बापाच्या मनात होताच. बखरीचं म्हणणं असं की प्रतापराव आणि निराजींना कैद करण्याचा हुकूम निघाला, पण शहजाद्यानेच त्यांना आधी सावध केलं. त्यात काटकसर म्हणून दख्खनच्या मोगल फौजेतले शिपाई कमी करण्यात आले आणि त्यांतले बरेच महाराजांच्या चाकरीत आले. म्हणजे शांततेत वाचवलेल्या पैशाने समोरच्याचीच फौज वाढली.

25 एप्रिल 1945 रोजी एल्ब नदीकाठी अमेरिकन आणि रशियन सैनिकांनी गळाभेट घेतली आणि जून 1948मध्ये रशियाने बर्लिनची नाकेबंदी केली, ते आठवतं. तिथेही मधला जर्मनी कोसळला आणि दोघं समोरासमोर आले. फरक इतकाच की तिथे तिसरा हरला होता, इथे तो वाचला होता. निकाल तोच लागला, म्हणून मला वाटतं की गाठ जिंकण्या-हरण्याशी कमी आणि ‘आता वाटायला काय उरलं?’ या प्रश्नाशी जास्त आहे. (वणीजवळच्या धोडपलाही हेच. 1763मध्ये राक्षसभुवनला निजामाविरुद्ध एकत्र लढलेले राघोबादादा आणि माधवराव 1768मध्ये धोडपच्या पायथ्याशी एकमेकांवर चालून गेले. तिथे तर घर एकच होतं.)

वणीच्या लढाईचं वर्णन भीमसेन सक्सेनाने लिहून ठेवलंय, तो दाऊदखानाच्या फौजेत होता. मोगलांची आघाडी इखलासखान मियानाकडे होती. मागची फौज येण्याची वाट न बघता तो मराठ्यांवर तुटून पडला आणि जखमी होऊन घोड्यावरून कोसळला. मराठे नेहमीसारखे हूल देऊन पसार झाले नाहीत, ठाम उभे राहून लढले. मोगली फौज दोन वर्षं आतून पाहिलेल्यांना तिची आघाडी कशी येते आणि मागची फळी किती मागे राहते हे कुणी शिकवायची गरज नव्हती. हा माझा तर्क आहे, पण दाऊदखानालाही मराठे जवळून ठाऊक होते हे धरलं तर लढाई इतकी अटीतटीची का झाली ते कळतं.

लूट कोकणात पोचली. त्यानंतर काही आठवड्यांतच महाराज वऱ्हाडातल्या कारंज्यावर गेले. जप्त झालेली जहागीर ज्या वऱ्हाडात होती, त्याच वऱ्हाडात. आणि 1671च्या सुरुवातीला बागलाणातला साल्हेर घेतला. त्याच्या मदतीला दाऊदखानच निघाला होता. तो पोचण्याआधी किल्ला पडला.