आधी शहर, मग तळं

अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या उत्तर सीमेलगत असलेलं पेज शहर वसलं १९५७ मध्ये. ज्या लेक पॉवेलमुळे त्याचं नाव जगभर झालं, त्यात पाणी साठू लागलं १९६३ मध्ये. मधली सहा वर्षं या गावात एकच उद्योग होता, ते तळं तयार करण्याचा.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी व्हाइट हाउसमध्ये कळ दाबली आणि ग्लेन कॅनियनच्या कड्यात पहिला सुरुंग उडाला. कोलोरॅडो नदीवरच्या या धरणासाठी हजारो माणसं लागणार होती आणि आसपास गाव म्हणावं असं काही नव्हतं. म्हणून मॅन्सन मेसा या लाल वाळूच्या पठारावर सरकारच्याच ब्यूरो ऑफ रेक्लमेशनने शहर आखलं. खात्याचे माजी आयुक्त जॉन पेज यांचं नाव त्याला मिळालं. पठार मात्र नावाहो या मूळनिवासी लोकांचं होतं. १९५८ च्या कायद्याने ते सरकारने घेतलं आणि बदल्यात युटामधली मॅकक्रॅकन मेसाची जमीन दिली. पेजच्या इतिहासात या अदलाबदलीला क्वचित दोन ओळी मिळतात. खरं तर शहराची सुरुवात तिथूनच सांगायला हवी.

पहिली कुटुंबं ट्रेलरमध्ये राहिली. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, वारा सुटला की घरभर वाळू. दरीच्या एका काठावरून समोरच्या काठावर मोटारीने जायचं तर सुमारे ३२० किलोमीटरचा वळसा पडे. १९५९ मध्ये पोलादी कमानीचा पूल झाला आणि तो वळसा संपला. त्याच वर्षी जुलैमध्ये दुर्गम जागी काम करण्याच्या भत्त्यावरून मजुरांनी संप पुकारला. तो सुमारे सहा महिने चालला आणि गाव ओस पडू लागलं. आखणीत चर्चसाठी एकाच रस्त्यालगत जागा राखून ठेवल्या होत्या. निरनिराळ्या पंथांची चर्चेस तिथे आजही ओळीने उभी दिसतात.

१७ जून १९६० रोजी काँक्रीटची पहिली बादली ओतली गेली. एकेक बादली चोवीस टनांची. तीन वर्षांहून अधिक काळ रात्रंदिवस ओतकाम चाललं, तेव्हा ७१० फूट उंचीची भिंत उभी राहिली.

या भिंतीमागे काय बुडणार, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. डायनॉसॉर राष्ट्रीय स्मारकातलं धरण टाळण्यासाठी झालेल्या तडजोडीत सिएरा क्लब या निसर्गरक्षक संघटनेने ग्लेन कॅनियनच्या धरणाचा विरोध सोडला होता. क्लबचे डेव्हिड ब्राउअर यांनी ही दरी नंतर पाहिली आणि त्या निर्णयाची खंत त्यांनी जन्मभर बोलून दाखवली. १३ मार्च १९६३ रोजी दरवाजे बंद झाले. वाळूच्या खडकातल्या चिंचोळ्या घळया, झऱ्याकाठच्या नेच्यांच्या भिंती, प्राचीन वस्त्यांचे अवशेष हळूहळू पाण्याखाली गेले. तळं पहिल्यांदा काठोकाठ भरायला १९८० साल उजाडलं.

धरण पुरं झालं की मजूर जाणार, हे ठरलेलंच होतं. पेज टिकलं ते बोटींमुळे. आर्ट ग्रीन यांनी हे आधीच ओळखलं होतं. तळं होण्याआधी ते विमानाचं इंजिन लावलेल्या बोटीतून पर्यटकांना नदीतून रेनबो ब्रिज या नैसर्गिक कमानीकडे नेत. पुढे तळ्याकाठच्या वाहवीप इथल्या धक्क्याची सुरुवातही त्यांनीच केली. १९७२ मध्ये हा परिसर राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र झाला, १९७५ मध्ये पेजला स्वतःची नगरपालिका मिळाली आणि उन्हाळी सुट्टीत हाउसबोटींची रांग लागू लागली. रेनबो ब्रिजची कमान नावाहोंना पवित्र. तळ्याचं पाणी तिच्या पायथ्याशी पोचल्यावर ते न्यायालयात गेले आणि १९८० मध्ये अपिलातही हरले. बोटी थेट कमानीजवळ जात राहिल्या.

या शतकात कोलोरॅडोच्या खोऱ्यात दुष्काळ ठाण मांडून बसला. २०२१ च्या उन्हाळ्यात वाहवीपचा बोटी पाण्यात सोडण्याचा मुख्य उतार हाउसबोटींसाठी बंद करावा लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तळ्यात जेमतेम २२ टक्के पाणी उरलं. त्याआधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, शहराजवळचं कोळशावरचं नावाहो वीजकेंद्रही बंद पडलं. तिथले बहुसंख्य कामगार नावाहो होते.

आता पेजच्या हॉटेलांत उतरणारे पुष्कळ जण बोटीसाठी आलेले नसतात. त्यांना नदीचं नालाकृती वळण, म्हणजे हॉर्सशू बेंड, आणि अँटिलोप कॅनियन पाहायचं असतं. अँटिलोप कॅनियन नावाहोंच्या जमिनीवर आहे. १९९७ मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात तिथे अकरा पर्यटक बुडाले. आज अधिकृत वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही आणि ही सहल चालवतात नावाहो कुटुंबं.