आईने न दाखवलेलं दुःख

जर्मन मुद्राचित्रकार केटे कोलविट्झच्या ‘मृत बालकासह स्त्री’ या १९०३च्या एचिंगबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. आपल्या सात वर्षांच्या मुलाला, पेटरला, कुशीत धरून, आरशात बघत तिने त्याची रेखाटनं केली; आणि तोच पेटर ऑक्टोबर १९१४मध्ये, अठराव्या वर्षी, बेल्जियमच्या रणांगणावर मारला गेला. म्हणून हे चित्र म्हणे भाकीत! मुद्राचित्रण शिकवताना मी हे भाकीत आधी बाजूला ठेवायला सांगते. त्यामुळे चित्रामागचा खरा भूतकाळ झाकला जातो.

तो सुरू होतो केटेच्या जन्मगावी, कोनिग्सबर्गला. केटेच्या आईने, कातारिनाने, पहिली दोन मुलं गमावली होती. मग केटेचा धाकटा भाऊ बेंजामिन मेंदूज्वराने अंथरुणाला खिळला. आई सूप वाढत असताना दाईने दार उघडून, त्याला पुन्हा उलटी झाली, असं ओरडून सांगितलं. आई क्षणभर ताठ झाली आणि पुन्हा वाढू लागली. सगळ्यांदेखत रडायचं नाही, हा तिचा करारी बाणा. बेंजामिन गेला. लहानग्या केटेने हे पाहिलं आणि पुढे आठवणींत लिहून ठेवलं.

१८९१पासून केटे बर्लिनच्या कामगार वस्तीत राहिली. नवऱ्याचा दवाखाना तिथेच होता. त्या काळी जर्मनीत पाचातलं साधारण एक बाळ वर्षाच्या आत दगावायचं. अशी बाळं गमावलेल्या आया तिला रोज दिसत.

आता चित्र पाहा. ॲसिडने खोदलेल्या रेषा, त्यांवर सुईचे थेट ओरखडे, काचकागदाने घासलेला पत्रा, मऊ लेपावर दाबलेल्या कागदाचा पोत. विवस्त्र बाई मांडी घालून बसली आहे. तोंड मुलाच्या छातीत खुपसलेलं, मुलाची मान मागे कललेली. केटेची मैत्रीण बेआटे बोनुस-येप हे पाहून हादरली. पेटरला काही झालं की काय, असं तिला वाटलं. कातारिनाने गिळलेलं सारं या पत्र्यावर उघडं पडलं आहे, असं मी मानते.

स्वतःच्या मुलाचं दुःख केटेने दगडात आणलं ते १९३२मध्ये, त्याच्या दफनभूमीत. तिथल्या शिल्पातली आई गुडघ्यांवर वाकलेली, हात अंगाशी घट्ट आवळून धरलेली, आक्रोश न करणारी आहे. म्हणून मला वाटतं, १९०३चा आक्रोश येणाऱ्या मरणाचा नव्हता. ज्यांना रडता आलं नाही, त्या आयांच्या वतीने तो कोरलेला होता.