पन्हाळ्यावर एक कागद लिहिला जातोय

काटोल रोडवरचे ट्रक थांबवा, रेल्वेचे रूळ उचला, एमआयडीसीची धुरांडी पुसून टाका. साल १७१५, मार्गशीर्ष लागलाय. तुम्ही कळमेश्वरातच आहात, पण संत्र्याचं एक झाड दिसत नाही. ते या मातीत यायला अजून अवकाश आहे. तुरी फुलावर आहेत. मुलूख देवगडच्या गोंड राजांचा, आणि बख्तबुलंदशहाने वसवलेलं नागपूर जेमतेम तेरा वर्षांचं. सारा मागायला उद्या कोण येईल, कोणाच्या नावाने येईल, हे तुमच्या हातात नाही. राज्य कशासाठी असतं, असं चावडीवर कोणी विचारत नाही.

पन्हाळ्यावर मात्र एक म्हातारा याच प्रश्नाशी झगडतोय. तिकडे चला.

गडावर वारा बोचरा आहे. पासष्टीच्या घरातले रामचंद्रपंत अमात्य सांगताहेत आणि लेखनिकाचा बोरू मोडीत पळतोय. ओळ संपली की ओल्या शाईवर वाळू भुरभुरते, कागद झटकला जातो. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांत हेच सर्वांत तरुण होते. राजाराम महाराज जिंजीला गेले, तेव्हा इकडचा कारभार यांनीच तोलून धरला. पाच छत्रपती पाहिलेला हा माणूस आता कोल्हापूरच्या गादीवरच्या तरुण संभाजीराजांसाठी कारभाराची रीत लिहवून घेतोय. यालाच पुढे लोक ‘आज्ञापत्र’ म्हणतील.

जवळ बसा, नीट ऐका. गड बांधायचा तर आधी पाणी पाहा, आणि एकाच झऱ्यावर विसंबू नका. तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात. गडावरचा केरकचरा खाली टाकू नका, जाळून राख परसात घाला, भाजी पिकवा. वतनदारांवर नजर ठेवा, पण त्यांना उगाच दुखवू नका. इतक्या बारकाव्यांत शिरणारा राज्यविचार मला फार मोलाचा वाटतो. चाळीस वर्षं दप्तर सांभाळलेल्या माणसाचं हे शहाणपण आहे.

आता आरमाराचा विषय निघालाय. जहाजांना लाकूड लागतं. सागवान रानातून परवानगीने आणा. पण आंबा, फणस? तुम्ही डोळे मिटलेत तर गडाखालचं एखादं परसदार दिसेल: सरकारी सुतार कुऱ्हाड घेऊन उभा, आणि बुंध्याला हात लावून घरधनी. पंत सांगतात, या झाडांना हात लावू नका. ती वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडा. जबरदस्ती नको. रयतेच्या हळहळीवर उभं राहिलेलं काम टिकत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. राजाच्या गरजेपुढे रयतेची राजीखुशी त्यांनी उभी केली, तीही कुऱ्हाड उगारलेली असताना.

टोपीकरांचं, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांचं, प्रकरणही ऐकूनच निघा. हे व्यापारी इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी राजे आहेत आणि यांना मुलूख हवाय. समुद्रालगत, किल्ल्यांजवळ यांना पक्की जागा देऊ नका.

शंभर वर्षं पुढे या, आपल्याच भागात. मे १८१६ मध्ये नागपूरचे आप्पासाहेब भोसले इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार करतात. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सीताबर्डीवर तोफा धडाडतात. तुमच्या शेतापासून ती टेकडी पाच-सहा तासांच्या पायवाटेवर. दुसऱ्या दिवशी भोसल्यांच्या अरबांनी लहान टेकडी घेतली, तरी लढाई हातची गेली. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्यच खालसा केलं. पंतांचा इशारा अक्षरशः खरा ठरला.

एका बाबतीत मात्र पंत थांबतात. त्यांच्या लेखी राज्य ही ईश्वराची देणगी. राजा चुकला तर जाब देवाघरी. १७०४ साली वारलेल्या जॉन लॉक या तत्त्वज्ञाने विलायतेत लिहिलं होतं की, सत्ता लोकांच्या संमतीवर चालते आणि विश्वासघात केला तर ती काढून घेता येते. पंतांची रयत लेकरू आहे, मालक नाही. ही उणीव मोठी आहे. ती भरून निघायला इथे राज्यघटनेचा दिवस, २६ जानेवारी १९५०, उजाडावा लागला.

आता तुम्ही पुन्हा आजच्या कळमेश्वरात आहात, आणि तुमच्या हातात मत आहे. ‘आज्ञापत्र’ छोटं आहे, दोन-तीन बैठकांत वाचून होतं. आरमाराचं शेवटचं प्रकरण आधी वाचा. मग रस्त्यासाठी कोणाचा आंबा तोडायची वेळ आली, तर नगर परिषदेत जाऊन एवढंच विचारा: धन्याला विचारलं का, आणि त्याला मोबदला पोचला का?